घडी कुणी मोडायची?



दसलक्षण पर्व आठ दिवसांवर आलं की मी कपाट उपसते. ‘उत्तम त्याग’ आणि ‘उत्तम आकिंचन्य’ हे आठवा-नववा दिवस नुसते प्रवचनात ऐकून सोडायचे नसतात, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. यंदा साड्या मोजल्या, एकशे सात निघाल्या. मी बी.कॉम. झालेली, मोजदाद केल्याशिवाय राहवत नाही. त्यातल्या एकतीस साड्यांची तर अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. त्या एकतीस साड्या पलंगावर मांडून बसले आणि मनात जे आलं, ते आज लिहिते आहे.

‘घडी मोडणं’ हा आपला किती गोड शब्द आहे बघा. नवी साडी आली की ती आधी आपण नेसायची नाही. बहिणीला, नणंदेला, जिवाभावाच्या मैत्रिणीला द्यायची आणि म्हणायचं, “तू एकदा नेस, घडी मोडून दे.” ती नेसून मंदिरात जाऊन येते, मग साडी आपल्याकडे येते. म्हणजे आपल्या हातात येते तेव्हा ती ‘वापरलेली’च असते! पण कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तू वापरली की दरवर्षी वहीत तिची किंमत कमी करत जायची. घडी मोडलेल्या साडीचा हिशेब या नियमात बसत नाही.

बाळाचंही तसंच. पहिलं झबलं शिवायचं ते आज्जीच्या मऊ झालेल्या जुनेराचं, आणि वाकळ शिवायची ती घरातल्या बायकांच्या लुगड्यांची. माझ्या माहेरी सांगलीला एक मोठी ट्रंक होती. लग्नसराईत ती उघडली की आम्ही सगळ्या चुलत-आत्ये बहिणी भोवती जमायचो. आत्तीचा शालू मोठ्या बहिणीला, काकूंची इरकल मला, कुणाचा पोलका घट्ट तर बगलेत उसवून, कुणाचा ढगळ तर टाचण्या लावून. नटण्याची ती मजा नव्या साडीच्या दुकानात कधी मिळाली नाही. एका शालूवर आमच्या घरातल्या चार नवऱ्या उभ्या राहिल्या, आणि चौघींच्या फोटोत तो वेगळाच दिसतो.

मग तेच जुनं वस्त्र कधी कधी जिव्हारी का लागतं? हा प्रश्न माझ्या मनात चाळीस वर्षं आहे. का, ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास, कारण हा प्रश्न फार जुना आहे.

राजेरजवाड्यांच्या दरबारात ‘खिलत’ देत, हे आपण शाळेत शिकलो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ अंगावरून उतरवलेलं वस्त्र असा आहे. राजाने स्वतःच्या अंगातला झगा काढून दुसऱ्याला घालायचा, हा सर्वांत मोठा मान. मुघल दरबारातही बादशहाने स्वतः घातलेला पोशाख मिळणं हे साध्या खिलतीपेक्षा मोठं समजलं जाई. आपण ज्याला ‘उतरलेले कपडे’ म्हणून नाक मुरडतो, त्यासाठी सरदार धडपडत होते! वस्त्राला एवढं महत्त्व, की आपल्याकडे पदालाच ‘वस्त्रे’ म्हणत. १७२० साली शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली, असं आपण आजही म्हणतो.

पण या मानाला दुसरी बाजू होती. खिलत अंगावर घेतली की देणारा वर आणि घेणारा खाली, हे कबूल केल्यासारखं होई. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं. महाराज संतापले. त्यांची समजूत घालायला बादशहाने खिलत देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. भारी कापड होतं, जर होती, पण ते वस्त्र अंगावर घेणं म्हणजे त्या मागच्या रांगेलाच होकार देणं. महाराजांनी वस्त्राचा पोत पाहिला नाही, देणाऱ्याचा हात पाहिला.

पुढे इंग्रज आले. कंपनीच्या अधिकाऱ्यांना संस्थानिकांकडून अशी वस्त्रं, शाली भेट मिळत. त्यांना ती स्वतःकडे ठेवायला बंदी झाली. मग ती सरकारी तोशाखान्यात जमा व्हायची, आणि पुढे दुसऱ्या संस्थानिकाला भेट द्यायची वेळ आली की तिथूनच बाहेर निघायची. मैत्रिणींनो, आपल्या आहेराच्या साड्या अशाच फिरतात की नाही? आमच्याकडे एक मोरपंखी साडी तीन लग्नं फिरून परत आमच्याच घरी आली होती. तिच्या पदराला मीच लावलेली पिन तशीच होती.

तोवर कापड महाग होतं, कारण सूत हातावर कातायचं आणि हातमागावर विणायचं. गिरण्या आल्या, मुंबईत पहिल्या कापड गिरणीची सुरुवात १८५४ची. आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालू केला. त्या खडखडाटावरच आमची घरं उभी राहिली, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण कापड स्वस्त झालं तसं ‘नवं घेणारे’ आणि ‘जुनं वापरणारे’ असे दोन गट स्पष्ट दिसू लागले. जुनं वस्त्र गरिबीची खूण बनलं.

याच सुमाराचा एक वाद मला फार विचार करायला लावतो. ३१ जुलै १९२१ला मुंबईत परळला गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कपड्यांची मोठी होळी झाली. लोकांनी रेशमी साड्या, कोट, टोप्या आणून टाकल्या. गांधीजींचे मित्र सी. एफ. अँड्र्यूज यांना हे पाहवलं नाही. इतकी चांगली वस्त्रं जाळण्यापेक्षा उघड्यानागड्यांना का देऊ नयेत, असं रवींद्रनाथांनाही वाटत होतं. आपल्यालाही पहिल्या फटक्यात हेच पटतं. पण गांधीजींचं उत्तर असं होतं, की जे वापरणं आपण आपल्यासाठी लाजिरवाणं ठरवलं, ते गरिबाला कसं द्यायचं? त्याला स्वाभिमान नसतो का?

होळी मला अजूनही पटत नाही. आपल्या धर्मात आगीतल्या जीवांचाही विचार आहे, शिवाय वापरण्याजोगं वस्त्र जाळणं मनाला पटत नाही. पण त्या प्रश्नापुढे मी गप्प होते. घरातलं विटलेलं, डाग पडलेलं, बटणं तुटलेलं काढून कामवालीच्या हातात ठेवतो आणि त्याला ‘दान’ म्हणतो, तेव्हा आपण नक्की काय देतो?

दुसऱ्या महायुद्धात मात्र चमत्कार झाला. इंग्लंडमध्ये १ जून १९४१पासून कपड्यांवर रेशन आलं, पहिल्या वर्षाला माणशी ६६ कूपन. सरकारच जुनं दुरुस्त करून वापरा म्हणून पुस्तिका वाटू लागलं. मुलांचे लहान झालेले कपडे बदलून घ्यायची केंद्रं निघाली. लग्नाचा एकच पांढरा झगा मैत्रिणी-मैत्रिणींत फिरू लागला. आपल्याकडे १९४३ साली सुती कापडावर आणि सुतावर सरकारी नियंत्रण आलं. माझी आज्जी त्याला ‘कंट्रोलचं कापड’ म्हणायची. लुगडं मध्ये विरलं की फाडून दोन्ही चांगल्या बाजू जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणतात. आज्जी सांगायची, त्या दिवसांत सावकाराच्या बायकोच्या लुगड्यालाही दंड असायचा, त्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटायची नाही. सगळ्यांवरच वेळ आली की जुन्यातली लाज निघून जाते.

आणि आपली बोहारीण! डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन दुपारी दारात येणारी. या व्यवसायात गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका पुष्कळ. आपण पातेल्यासाठी घासाघीस करतो, पण ती ते कपडे घेऊन कुठे जाते हे विचारत नाही. दिल्लीत रघुबीर नगरला या समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे भरतो. धड कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. जरीच्या साड्यांतली खरी जर जाळून चांदी काढतात. रेशमी साड्यांच्या उशा आणि घागरे होऊन परदेशी पाहुण्यांना विकले जातात. चिंध्या कारखान्यांत यंत्रं पुसायला जातात, आणि जुने लोकरी कपडे पानिपतला जाऊन त्यांचा धागा होऊन ब्लँकेटं बनतात. कोणतंच वस्त्र वाया जात नाही. ही विद्या त्या बायकांकडे आपल्यापेक्षा जास्त आहे.

गांधीजींच्या त्या प्रश्नाला मला पटलेलं उत्तर १९९९ साली सुरू झालेल्या ‘गूँज’ या संस्थेने दिलं. अंशू गुप्तांनी ती काढली, २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकरी मिळून विहीर खणतात, रस्ता करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. कपडे जुनेच, पण हात पसरून घेतलेले नाहीत.

आपल्या शास्त्रातलाही एक शब्द इथे आठवतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग असा भेद केला आहे. एकदा घेतलं की संपलं तो भोग, जसं अन्न. पुन्हा पुन्हा घेता येतं तो उपभोग, जसं वस्त्र. म्हणजे वस्त्राची व्याख्याच ‘पुन्हा वापरायचं ते’ अशी आहे. आपण एकदा नेसून फोटो काढला की साडी ‘झाली’ म्हणतो, तेव्हा उपभोगाला भोग करून टाकतो.

आता माझी गोष्ट. १९८३ साली लग्न होऊन मी या घरी आले. थोरल्या जाऊबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या सातवी शिकलेल्या, मी पदवीधर, आणि त्या पदवीचा मला तोरा होता. नणंदेच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अक्कांनी डाळिंबी रंगाची इरकल माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, “मी घडी मोडलीय, आता तू नेस.” मला ऐकू आलं ते एवढंच, की स्वतः नेसून झालेली साडी धाकट्या जावेला देतात. मी ती नेसले नाही. आठ महिन्यांनी बोहारीण आली तेव्हा ती साडी आणि यांच्या दोन पँटी देऊन स्टीलचं पातेलं घेतलं.

संध्याकाळी अक्कांनी विचारलं, “नवं पातेलं कुठलं?” मी सांगितलं. कोणते कपडे दिले, तेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दुधावरची साय काढत राहिल्या.

खरी गोष्ट मला कितीतरी वर्षांनी नणंदेकडून कळली. माझी आई माझ्या लग्नाआधी दोन वर्षं गेली होती. मला बहीणही नाही. या पोरीला घडी मोडून द्यायला कुणी नाही, म्हणून अक्कांनी माहेराहून आलेली आपली नवी इरकल एकदाच नेसून, मंदिरात जाऊन येऊन, मला दिली होती. आईच्या जागी उभं राहून दिली होती. आणि मी तिचं पातेलं केलं.

दर वर्षी क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो. मीही अक्कांना जोडत होते, पण ही गोष्ट तोंडातून निघत नव्हती. गेल्या वर्षी निघाली. अक्का आता शहात्तर वर्षांच्या आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते पातेलं हाय न्हवं अजून?”

“आहे अक्का. रोज दूध त्यातच तापवते.”

“मग झालं तर. चांगलं निघालं म्हणायचं.”

एवढंच. मी मात्र देवघरात जाऊन रडले.

यंदा त्या एकतीस साड्यांचं काय करायचं ते मी ठरवलं आहे. त्यातल्या वीस, कोऱ्या आणि चांगल्याच, देऊन टाकणार. दहा साड्या घडी मोडायला जातील. सूनबाईकडे, तिच्या आईकडे, नणंदेकडे, शेजारच्या मैत्रिणींकडे, आणि आमच्याकडे पंधरा वर्षं पोळ्या करायला येणाऱ्या मावशींकडेही. त्यांनी नेसून परत द्यायची, आणि मग मी नेसणार. मावशींना सांगितलं तर त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, “माझी पण नवी आहे एक, तुम्ही मोडाल घडी?” मी हो म्हटलं.

उरलेली एक, निळ्या काठाची सुती, काल अक्कांकडे घेऊन गेले. म्हटलं, “अक्का, घडी मोडून द्या.” त्यांनी काठावर हात फिरवला आणि ती उशाशी ठेवली. पर्वाच्या पहिल्या दिवशी त्या नेसणार आहेत.