काळातून कारणाकडे: इंग्रजीतील कारणदर्शक अव्ययांचा इतिहास

वाङ्मयेतिहासकार दोन घटना एकामागोमाग मांडतो, तेव्हा त्यांच्यातील कार्यकारणसंबंध तो किती वेळा सिद्ध करतो आणि किती वेळा नुसता सुचवतो, हा प्रश्न सामान्यतः पद्धतिशास्त्राचा मानला जातो. परंतु तो भाषेचाही प्रश्न आहे. ‘नंतर’चे ‘म्हणून’ होण्याची प्रक्रिया उभयान्वयी अव्ययांच्या घडणीतच दडलेली असते. इंग्रजीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्राचीन इंग्रजीत ‘बिकॉज’ नव्हता. ‘फॉर’ हे अव्यय आणि दर्शक सर्वनाम यांच्या जोडाने कारण सांगितले जाई. ‘त्यासाठी, की’ असा त्याचा स्थूल अर्थ. हा जोड झिजून पुढे एकटा ‘फॉर’ उरला आणि बायबलच्या भाषांतरांत कारणवाक्यांचा मोठा भार त्याने वाहिला. 1066 च्या नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा जो ओघ आला, त्यातून ‘कॉज’ हे मूळ लॅटिन नाम आले. चौदाव्या शतकात त्यामागे ‘बाय’ हे देशी अव्यय लागून ‘बाय कॉज दॅट’ अशी रचना रूढ झाली. आजचा ‘बिकॉज’ हे तिचेच आटलेले रूप होय.

त्याचा अर्थही प्रारंभी स्थिर नव्हता. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायाच्या 31 व्या वचनात, जमाव दोघा आंधळ्यांना दटावतो तो त्यांनी गप्प राहावे म्हणून. तेथे योजलेला ‘बिकॉज’ हेतू सांगतो, कारण नव्हे. आजच्या अर्थाने वाचल्यास वाक्याचा रोख बिघडतो. मराठी वाचकाला मात्र यात नवल वाटू नये. ‘आजारी होता म्हणून आला नाही’ आणि ‘भेट व्हावी म्हणून आला’ ही दोन्ही कामे आपले ‘म्हणून’ अद्यापही करते.

‘सिन्स’ची कथा अधिक अर्थपूर्ण आहे. ‘त्यानंतर’ हा त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ. पुढे काळाबरोबर कारणही त्यात वस्तीला आले. लॅटिनमधील ‘क्वोनिअम’ आणि फ्रेंचमधील ‘पुइस्क’ यांनीही हीच वाट धरली. ‘तो गेल्यापासून ती उदास आहे’ या मराठी वाक्यात कारणाची सूचना आहे. पण ती ऐकणाऱ्याच्या अनुमानात राहते. इंग्रजीत हे अनुमान वारंवार होता होता शब्दाच्या अर्थातच मुरले. एलिझाबेथ ट्रॉगॉट आणि एकेहार्ड क्योनिग यांनी 1991 च्या निबंधात या परिवर्तनाची मीमांसा केली आहे.

शब्दांच्या या वर्गाकडे तत्त्वज्ञांचे लक्ष आधीच गेले होते. 1690 च्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात जॉन लॉकने अव्ययांना स्वतंत्र प्रकरण दिले. वस्तूंचा नव्हे, तर मनाच्या जोडण्याच्या क्रियेचा निर्देश ती करतात, असे त्याचे प्रतिपादन. 1786 मध्ये हॉर्न टूकने अव्यये मुळात नामे व क्रियापदेच होत असा पक्ष मांडला. त्याच्या पुष्कळ व्युत्पत्ती पुढे टिकल्या नाहीत. पण ‘बिकॉज’च्या पोटात नाम आहे, हे खरेच. ‘म्हणून’च्या पोटात ‘म्हणणे’ आहे, हेही तितकेच खरे. ज्ञानेश्वरीतील ‘म्हणौनि’ ते उघड दाखवते. इंग्रजी अव्यय कारणाला वस्तू मानते. मराठी अव्यय त्याला उच्चार मानते.

हे भेद समीक्षेच्या कामाचे आहेत. ईव्ह स्वीटसर यांनी 1990 मध्ये दाखविल्याप्रमाणे, ‘बिकॉज’ कधी घटनेचे कारण देतो, तर कधी वक्त्याच्या अनुमानाचे. ‘पाऊस पडला असावा, कारण रस्ते ओले आहेत’ या वाक्यात ओले रस्ते हे पावसाचे कारण नव्हे. ते आपल्या समजुतीचे कारण आहे. ‘सिन्स’ याहून पुढे जातो: तो कारण सहसा सांगत नाही, ते वाचकाला आधीच मान्य आहे असे गृहीत धरतो. ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये कथा आणि कथानक यांतील भेद घटनाक्रम व कार्यकारणभाव यांवर उभा केला. भाषा मात्र ही सीमा नेहमीच धूसर करीत आली आहे.

आता आपल्याकडील एक परिचित विधान घेऊ. ‘1874 साली निबंधमाला सुरू झाल्यापासून मराठी गद्याचे वळण बदलले.’ येथे ‘पासून’ कालनिर्देश करते. तरी वाचक चिपळूणकरांमुळे गद्य बदलले असे समजतो आणि पुढच्याच परिच्छेदात लेखकही तसे समजू लागतो. छापखाना, शाळा, भाषांतरे, त्याआधीची वृत्तपत्रे या साऱ्यांचा वाटा त्या एका प्रत्ययात विरून जातो. ‘पासून’ असे लिहिणाऱ्याने ‘मुळे’ लिहून पाहावे. विधान टिकले, तर त्यामागे पुरावा आहे. ते डळमळले, तर तो इतिहास नसून केवळ कालक्रम होता असे मानणे भाग आहे.