रंगात लिहिलेल्या तबकड्या

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर परिसरातील अनेक शाळांच्या कपाटांत स्नेहसंमेलनांच्या जुन्या सीडी असतील. संगणकावर उतरवलेली अशी सीडी संगणकात चाले, पण टीव्हीला जोडलेल्या प्लेअरमध्ये अडे. दोष नेहमी दुकानदाराचा नसे. रसायन कारखान्यांच्या या पट्ट्याला त्याचे मुख्य कारण परके वाटू नये: ते आहे रंगद्रव्य.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात साच्याने उमटवलेली असते. त्यावर ॲल्युमिनियमचा आरसा असतो. १९८८ साली जपानच्या तैयो युदेन कंपनीने घडवलेल्या लेखनक्षम सीडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर आला. लेसरने तापलेला ठिपका प्रकाश कमी परत पाठवतो, म्हणून तो खळग्यासारखा वाचला जातो.

हे रंगद्रव्य ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरसाठी निवडलेले होते. १९९६ साली आलेल्या डीव्हीडी प्लेअरचा लेसर मात्र ६५० नॅनोमीटरचा, तांबडा. आरशाला दोन्ही सारखेच; रंगद्रव्य तांबडा प्रकाश गिळून टाकी. पुढे उत्पादकांनी प्लेअरमध्ये दुसरा लेसर बसवला, तेव्हा ही अडचण सुटली. पुनर्लेखनक्षम सीडी तर जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत पाठवी. छापील सीडी ७० टक्क्यांहून अधिक. शिवाय लेखन 'बंद' न केल्यास अनुक्रमणिकाच लिहिली जात नसे, आणि घरचा प्लेअर तिच्यावाचून पुढे जात नसे.

वर्गात छापील आणि घरी लिहिलेली सीडी उलटून शेजारी ठेवावी. पहिली चंदेरी, दुसरी बहुधा हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसेल. हा रंग उन्हाने विटतो आणि त्याबरोबर माहितीही जाते. म्हणून आम्ही सुचवतो: कपाटातल्या तबकड्यांच्या प्रती आजच करून ठेवाव्यात.