हक्कलेख निक्षेप आणि वकिलाचा शोध अहवाल

घराचे किंवा जमिनीचे मूळ दस्त धनकोच्या स्वाधीन करून कर्ज उचलण्याच्या व्यवहाराला हक्कलेख निक्षेपाचे गहाण म्हणतात. इंग्लंडात 1783 च्या एका निवाड्याने मान्यता मिळालेली ही पद्धत 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने भारतातही स्वीकारली. मात्र व्यापाऱ्याला नोंदणीची खटपट न करता तातडीने पैसा मिळावा या हेतूने दिलेली ही सवलत मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या शहरांपुरतीच होती. पुढे अन्य शहरे अधिसूचनेने जोडली गेली, पण नोंदणीतून मिळालेली सूट कायम राहिली आणि अनर्थाचे मूळ तिथेच होते.

बँकेच्या पॅनेलवरील वकील दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून सूची क्रमांक दोन, म्हणजे मिळकतवार नोंदींची अनुक्रमणिका, तीस तीस वर्षांची चाळतो, खरेदीखते, बक्षीसपत्रे, हक्कसोडपत्रे टिपतो, फाटलेल्या पानांचा उल्लेख करतो आणि मिळकत निर्वेध व बोजारहित असल्याचा अहवाल देतो. परंतु कर्जदाराने मूळ दस्त आधीच दुसरीकडे ठेवून, ते गहाळ झाल्याची तक्रार नोंदवून, प्रमाणित नकलेवर नवे कर्ज मागितले, तर त्या सूचीत आधीच्या गहाणाचा मागमूसही नसे. फसवणूक उघड झाली की संशयाची सुई वकिलाकडे वळे, आणि हे न्यायाचे नव्हते, कारण जे कायद्यानेच नोंदीबाहेर ठेवले होते ते त्याने शोधावे तरी कुठे?

हैदराबादच्या एका गृहकर्ज प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाने पॅनेलवरील वकिलालाही आरोपी केले, तेव्हा 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. वकिलाचे मत चुकले किंवा त्याच्याकडून हयगय झाली, तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रश्न ठरू शकतो. फौजदारी जबाबदारीसाठी मात्र कटात त्याचा सक्रिय सहभाग दिसला पाहिजे, अशी स्पष्ट रेषा या निवाड्याने आखली. तरीही निवाडा येतो तो खटल्याची झळ बसून गेल्यावर. खरे संरक्षण नोंदीतच होते. बँकांच्या तारण हक्कांसाठी केंद्रीय नोंदवही 2011 मध्ये सुरू झाली, आणि महाराष्ट्रात 1 एप्रिल 2013 पासून अशा गहाणाची नोटीस 30 दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करणे कर्जदारावर बंधनकारक झाले.