तेराव्या वर्षाची पूर्वतयारी : बेने इस्रायलींचा 'बार मित्झ्वा'

मूल जाणते झाले, हे समाजासमोर सांगण्याची रीत बहुतेक धर्मांत आढळते. हिंदू घरांत मुंज होते, पारशी घरांत नवज्योत. मनोरी-गोराईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत दृढीकरणाचा संस्कार दिला जातो. ज्यू धर्मातील याच स्वरूपाचा विधी म्हणजे 'बार मित्झ्वा'. 'बार' या अरामी शब्दाचा अर्थ पुत्र आणि 'मित्झ्वा' या हिब्रू शब्दाचा अर्थ ईश्वरी आज्ञा. धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी ज्याच्यावर आली, तो बार मित्झ्वा. महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू, म्हणजेच बेने इस्रायली समाजात हा सोहळा आजही होतो. मात्र, समाजाची संख्या घटल्याने त्याची तयारी पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही.

वय हाच मुख्य निकष

अनेक पालकांचा समज असतो, की सोहळा झाला नाही तर मुलाचा बार मित्झ्वा राहून गेला. वस्तुतः तसे नाही. मुलाला हिब्रू पंचांगानुसार तेरा वर्षे पूर्ण झाली, की तो आपोआप बार मित्झ्वा होतो. मुलीच्या बाबतीत हे वय बारा वर्षांचे असून, तिला 'बात मित्झ्वा' म्हणतात. सिनेगॉगमधील वाचन, आशीर्वाद आणि भोजन ही या घटनेची जाहीर नोंद होय. त्यामुळे परीक्षा, आजारपण किंवा नातेवाइकांच्या प्रवासामुळे सोहळा काही महिने पुढे गेल्यास धर्मदृष्ट्या काही बिघडत नाही. उपवास, प्रार्थना आदी कर्तव्ये मात्र तेराव्या वाढदिवसापासूनच लागू होतात.

तारीख कशी काढतात?

पहिले काम जन्मतारखेचे. हिब्रू दिवस मध्यरात्री नव्हे, तर सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून मूल संध्याकाळी जन्मले असेल, तर सूर्यास्तापूर्वी की नंतर, हे पाहावे लागते. हिब्रू महिने चांद्र असून, आपल्याकडील अधिक मासाप्रमाणे १९ वर्षांत सात वेळा जादा महिना येतो. अशा वर्षी 'अदार' महिना दोनदा असतो. साध्या वर्षीच्या अदारमध्ये जन्मलेल्या मुलाचे तेरावे वर्ष जादा महिन्याच्या वर्षी पूर्ण होत असेल, तर दुसरा अदार धरतात.

तारीख ठरली, की त्या आठवड्याचा धर्मग्रंथातील पाठ कळतो. तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे, ५४ भाग पाडलेले असून वर्षभरात ते क्रमाने वाचले जातात. मुलाच्या वाट्याला आलेला भाग सोपा की अवघड, हे अशा रीतीने जन्मतारखेवरच ठरते.

हिब्रूचा अभ्यास

तयारीचा सर्वांत मोठा भाग हिब्रूचा. घरात आणि शाळेत मराठी, हिंदी व इंग्रजी ऐकणाऱ्या मुलासाठी ही उजवीकडून डावीकडे जाणारी सर्वस्वी नवी लिपी असते. अक्षरओळख, 'शेमा' ही मुख्य प्रार्थना, तोरावाचनापूर्वी व नंतर म्हणायचे आशीर्वाद आणि शेवटी प्रत्यक्ष पाठ, असा क्रम साधारणतः ठेवला जातो. अजिबात हिब्रू न येणाऱ्या मुलाने किमान वर्षभर आधी सुरुवात करणे इष्ट ठरते.

खरी कसोटी पुढे असते. छापील पुस्तकात अक्षरांना स्वरचिन्हे आणि गायनाच्या खुणा असतात. चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळीत मात्र त्यांपैकी काहीच नसते. केवळ व्यंजने पाहून उच्चार आणि चाल आठवावी लागते. अनेक घरांत पाठ देवनागरीत उतरवून घेतात. सुरुवातीला त्याचा आधार होतो, पण हिब्रूतील कंठ्य वर्णांसाठी देवनागरीत नेमके अक्षर नाही. शिवाय गुंडाळीसमोर उभे राहिल्यावर तो कागद कामाचा नसतो. म्हणून देवनागरी प्रत लवकरात लवकर बाजूला ठेवणे श्रेयस्कर. संपूर्ण पाठ झेपत नसेल, तर मुलाने फक्त आशीर्वाद म्हणावेत आणि वाचन हज्जान, म्हणजे प्रार्थना चालविणाऱ्या व्यक्तीने करावे, हीदेखील मान्य रीत आहे.

या शिक्षणाला मुंबईत जुनी परंपरा आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली इस्रायली शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मुलगा जे म्हणणार त्याचा अर्थ आजी-आजोबांना मराठीत कळावा, ही सोय त्यामुळे झाली.

तफिलीन आणि शाल

तेरा वर्षांच्या मुलाला दोन वस्तू लागतात. एक, कोपऱ्यांना गाठींचे गोंडे असलेली प्रार्थनेची शाल, 'तल्लीत'. दुसरी 'तफिलीन'. या चामड्याच्या दोन काळ्या पेट्या असून, आत तोरामधील चार उतारे चर्मपत्रावर हाताने लिहून ठेवलेले असतात. एक पेटी दंडावर (उजखुऱ्याने डाव्या) हृदयाच्या बाजूला, तर दुसरी कपाळाच्या वर केसांच्या रेषेलगत बांधतात. हस्तलेखनामुळे ती महाग असते व बहुधा इस्रायलहून मागवावी लागते. त्यामुळे काही महिने आधी व्यवस्था करावी. आजोबांची जुनी तफिलीन असल्यास आतील अक्षरे शाबूत आहेत का, हे जाणकाराकडून तपासून घेणे आवश्यक असते.

शनिवार की गुरुवार?

तोरावाचन सोमवारी, गुरुवारी व शनिवारी होते. शनिवार हा 'शब्बाथ'. त्या दिवशी सात जणांना वाचनासाठी बोलावले जाते आणि त्यानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील उताराही असतो. सोमवारी व गुरुवारी केवळ तिघांना बोलावतात व वाचन छोटे असते.

उपनगरांतील कुटुंबांसाठी ही निवड महत्त्वाची ठरते. शब्बाथला वाहन वापरणे आणि छायाचित्रे काढणे धर्मनियमांत बसत नाही. ठाण्यात १८७९ चे 'शार हशामाईम' आहे. मुंबईतील जुनी सिनेगॉग मुख्यतः भायखळा, जेकब सर्कल, मांडवी या दक्षिणेकडील भागांत आहेत. मनोरीसारख्या ठिकाणाहून मार्वेची फेरीबोट, मालाडपर्यंत बस आणि पुढे लोकल असा प्रवास शनिवारी नियम पाळून करणे शक्यच नाही. अशा कुटुंबाने शुक्रवारी सिनेगॉगजवळ मुक्कामास जावे किंवा गुरुवार निवडावा. गुरुवारी आणखी एक लाभ असतो. तफिलीन शब्बाथला बांधत नाहीत, गुरुवारी बांधतात. त्यामुळे मुलाचे तफिलीन बांधणे आप्तांना पाहता येते.

मुलींचा सोहळा

बात मित्झ्वाचा जाहीर सोहळा तुलनेने अलीकडचा. अमेरिकेत १९२२ मध्ये न्यूयॉर्क येथे ज्युडिथ कॅप्लान हिचा झालेला सोहळा तेथील पहिला मानला जातो. परंपरावादी सिनेगॉगमध्ये मुली तोरावाचन करीत नाहीत; तेथे मुलीने प्रार्थना म्हणणे किंवा पाठाचा अर्थ सांगणे, असे स्वरूप असते. मुंबईतील उदारमतवादी ज्यू चळवळ १९२५ मध्ये सुरू झाली व तिच्या उभारणीत डॉ. जेरुशा झिराड या स्त्रीरोगतज्ज्ञ महिलेचाच वाटा होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

घरची तयारी

विधी हिब्रूत असला, तरी घरातील सोहळा कोकणी वळणाचा असतो. प्रेषित एलियाहू यांच्या स्मरणार्थ 'मलिदा' करतात. भिजविलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलदोडा आणि सोबत फळे असे ताट मांडून प्रार्थना होते. ही प्रथा बेने इस्रायलींची खास आहे. द्राक्षारसाच्या जागी काळ्या मनुकांचे सरबत चालते. धर्मनियमानुसार मांस व दूध एकत्र करीत नसल्याने मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध वापरतात. मुलाने आपल्याला मिळालेल्या भेटीतील काही भाग दानाला द्यावा, हाही शिकवणीचा भाग मानतात.

दहावा माणूस

या साऱ्या तयारीमागे एक व्यवहारी गरजही आहे. सामुदायिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष लागतात. त्यास 'मिन्यान' म्हणतात. मिन्यान नसेल, तर तोराची गुंडाळी बाहेर काढून वाचन करता येत नाही. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायली इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत देशातील ज्यूंची संख्या पाच हजारांहून कमी होती. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, परंतु दर्जाने माणसे वाढत नाहीत. म्हणूनच सोहळ्याचा दिवस ठरविण्यापूर्वी हज्जानशी बोलून त्या सकाळी दहा पुरुष येतील याची खात्री करणे, हे पालकांचे पहिले काम ठरते.

आदल्या आठवड्यापर्यंत नऊ जणांवर थांबलेल्या सिनेगॉगमध्ये तेरा वर्षांचा मुलगा आला, की दहा पूर्ण होतात व गुंडाळी उघडली जाते. त्याच्या उच्चारात दोन चुका झाल्या, तरी शेजारी उभे असलेले हज्जान त्या हळूच दुरुस्त करतात आणि वाचन पुढे सुरू राहते.