तळटीप १४ : बतावणी

बतावणी : तमाशात गण-गवळण आटोपल्यावर, वगाला तोंड फुटण्याआधी सोंगाड्या आणि त्याचा जोडीदार रंगवतात तो हजरजबाबी संवाद. ठरलेला असतो तो फक्त सांगाडा, बाकी सगळे समोरची गर्दी पाहून. लेखकाने संगमनेरच्या तमाशा कलावंतांना ‘सहसंशोधक’ म्हटले आहे ते यामुळेच. शब्द जडच आहे, पण नटांना असे संशोधनात सामील करून घेण्याची रीत जुनी. १९८६ साली आजच्या काँगोतल्या लुबुंबाशीत मानववंशशास्त्रज्ञ योहानेस फाबियान यांनी ‘सत्ता अख्खी खायची असते’ या अर्थाच्या एका म्हणीबद्दल तिथल्या मुफ्वांकोलो नाटकमंडळीला विचारले. नटांनी व्याख्या सांगितली नाही. वाद घालत, तालमी करत नाटकच उभे केले. फाबियान यांच्या १९९० च्या पुस्तकाचा गाभा म्हणजे त्या तालमी. आपल्याकडेही उचलीचा, म्हणजे हंगामाआधी फडमालकाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेचा, प्रश्न वही उघडून विचारा. ‘बरं चाललंय’ एवढेच उत्तर येईल. त्याच नटाला मालकाचे सोंग द्या, मग हिशेब बोलू लागतो. अर्थात सोंगातले आकडे तसेच्या तसे धरायचे नसतात. प्रकरण ५ मध्ये लेखकाने ते धरले आहेत, असे संपादकाचे मत आहे.