घराची डागडुजी की स्थलांतर?
धार व देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने होती. तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. राहते घर दुरुस्त करावे की सोडावे, हे ठरविताना प्रथम दोषाचे स्वरूप ओळखावे. गळके छप्पर, ओल, अपुरी जागा हे वास्तूचे दोष. पाया व खांब शाबूत असल्यास ते दुरुस्तीने दूर होतात. हवा, पाणी, उपजीविका यांची उणीव हा स्थळाचा दोष. त्यावर गवंड्याचा इलाज चालत नाही. क्षयाने ग्रासलेले गायक कुमार गंधर्व १९४८ मध्ये मुंबई सोडून कोरड्या हवेच्या देवासला आले. तेथे ते बरे झाले, माळव्याच्या लोकगीतांनी त्यांची गायकी समृद्ध झाली आणि १९९२ मधील निधनापर्यंत देवास हेच त्यांचे घर राहिले.