स्टिरिओ विस्तारक

स्टिरिओ विस्तारक, अथवा स्टिरिओ इमेजर, हे दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाची डावी-उजवी व्याप्ती कमी-अधिक करणारे ध्वनिप्रक्रियेचे साधन आहे. पूर्वी हे काम स्वतंत्र विद्युत मंडलांनी केले जाई. सध्या ते मुख्यतः प्लगइनच्या, म्हणजे संगणकावरील ध्वनिमुद्रण प्रणालीला जोडल्या जाणाऱ्या लहान प्रणालीच्या, रूपात आढळते. संगीताच्या मिक्सिंगमध्ये आणि अंतिम मास्टरिंगमध्ये त्याचा उपयोग होतो. विस्तारकांच्या कार्यपद्धती परस्परांपासून भिन्न असून त्यांचे दुष्परिणामही भिन्न आहेत. त्यामुळे प्लगइनची निवड करताना त्याचे नाव वा किंमत यांपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: मूळ ध्वनी मोनो आहे की स्टिरिओ, आणि दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोमध्ये ऐकल्यास त्या ध्वनीचे काय होते.

## स्टिरिओ प्रतिमा

दोन स्पीकर आणि श्रोता समभुज त्रिकोणाच्या तीन शिरोबिंदूंवर असले, म्हणजे स्पीकरांमधील कोन श्रोत्याच्या जागी ६० अंशांचा असला, की दोन्ही स्पीकरांतून समान येणारा आवाज मध्यभागी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तेथे कोणताही स्पीकर नसतो. अशा भासमान स्थानांच्या एकत्रित चित्राला स्टिरिओ प्रतिमा म्हणतात.

ध्वनीची दिशा ओळखण्यासाठी मेंदू मुख्यतः दोन खुणा वापरतो. सुमारे १,५०० हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेला ध्वनी दोन कानांपर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील फरक महत्त्वाचा असतो, तर त्याहून अधिक वारंवारतेला डोक्याच्या आडोशामुळे पडणारा तीव्रतेचा फरक प्रभावी ठरतो. हा सिद्धान्त लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडला. विस्तारक प्लगइन यांपैकी एका किंवा दोन्ही खुणांत कृत्रिम बदल घडवतात.

## इतिहास

ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी ईएमआय कंपनीत काम करत असताना १४ डिसेंबर १९३१ रोजी द्विवाहिनी ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पेटंटमध्ये दोन वाहिन्यांची बेरीज व वजाबाकी करून त्यांवर वेगवेगळी प्रक्रिया करण्याची, 'शफलिंग' या नावाने ओळखली जाणारी पद्धत वर्णिलेली आहे. आजच्या अनेक विस्तारकांचे मूळ या पद्धतीत आहे.

हेल्मुट हास यांनी १९४९ मधील आपल्या प्रबंधात दाखवून दिले की, एकच ध्वनी काही मिलिसेकंदांच्या अंतराने दोन दिशांनी आल्यास तो प्रथम पोहोचलेल्या दिशेनेच आल्याचे भासते. सुमारे ५ ते ३० मिलिसेकंदांच्या विलंबात दुसरा ध्वनी स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या नभोवाणीतील होल्गर लाउरिड्सेन यांनी मोनो ध्वनीपासून आभासी स्टिरिओ निर्माण करण्याची पद्धत मांडली.

व्यावसायिक स्टिरिओ तबकड्या १९५८ मध्ये बाजारात आल्या. त्यानंतर जुन्या मोनो मुद्रणांना कृत्रिम रुंदी देऊन ती पुन्हा विकण्याची प्रथा पडली. अमेरिकेतील कॅपिटल कंपनीची 'ड्युओफोनिक' मालिका हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशा मुद्रणांवर आवाज पसरट व अस्पष्ट झाल्याची टीका झाली. १९७५ मध्ये आलेल्या इव्हेंटाइड एच९१० या उपकरणाने स्वर किंचित वरखाली करून आवाज रुंद करण्याचा मार्ग खुला केला. ब्रिटिश गणितज्ञ मायकेल गर्झन यांच्या स्टिरिओविषयक कामाचा प्रभाव वेव्हज कंपनीच्या 'एस१ स्टिरिओ इमेजर' या सुरुवातीच्या प्लगइनवर दिसतो.

## कार्यपद्धती

### मध्य-पार्श्व पद्धत

डाव्या व उजव्या वाहिन्यांच्या बेरजेच्या निम्म्यास मध्य घटक आणि त्यांच्या वजाबाकीच्या निम्म्यास पार्श्व घटक म्हणतात. पार्श्व घटक वाढवला की प्रतिमा रुंदावते आणि कमी केला की आकसते.

उदाहरणार्थ, एखादे वाद्य पूर्णपणे डाव्या वाहिनीत असून त्याचा आयाम १ आहे असे मानू. त्याचा मध्य घटक ०.५ आणि पार्श्व घटक ०.५ येतो. पार्श्व घटक दुप्पट केल्यास डावी वाहिनी १.५ आणि उजवी वाहिनी उणे ०.५ होते. म्हणजेच ते वाद्य आता उजव्या स्पीकरमध्येही, परंतु विरुद्ध कलेत, वाजू लागते; त्यामुळे ते डाव्या स्पीकरच्याही पलीकडे असल्याचा भास होतो. दोन्ही वाहिन्यांची बेरीज मात्र पूर्वीइतकीच, म्हणजे १, राहते. यावरून ही पद्धत मोनोमध्ये नवे दोष निर्माण करत नाही हे स्पष्ट होते. तथापि, रुंदावलेल्या स्टिरिओमध्ये कडेची वाद्ये मोठी ऐकू येतात आणि मोनोमध्ये ती मूळ पातळीवर परततात. त्यामुळे दोन्हीकडे वाद्यांचा समतोल सारखा राहत नाही.

मध्यभागी असलेल्या गायकाच्या आवाजात पार्श्व घटक शून्य असतो. शून्याची दुप्पट शून्यच असल्याने या पद्धतीचा मोनो ध्वनीवर काहीही परिणाम होत नाही. वॉक्सेंगो कंपनीचे 'एमएसईडी' हे मोफत प्लगइन आणि 'एस१' ही या वर्गातील उदाहरणे होत.

### विलंब पद्धत

एका वाहिनीला काही मिलिसेकंद उशिरा पाठवून हासच्या परिणामाचा उपयोग केला जातो. त्यासाठी वेगळे प्लगइनही लागत नाही. साधा डिले पुरेसा होतो. रुंदी ठळक मिळते, परंतु मोनोमध्ये सर्वाधिक हानी याच पद्धतीने होते. समान पातळीचे दोन ध्वनी १ मिलिसेकंदाच्या अंतराने मिसळल्यास ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ अशा वारंवारता नाहीशा होतात. १० मिलिसेकंदांच्या अंतराने ५०, १५०, २५० हर्ट्झ आणि पुढे दर १०० हर्ट्झला खाच पडते. आलेखावर या खाचा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो.

### पूरक गाळणी पद्धत

यात मोनो ध्वनीत निर्माण केलेला बदल एका वाहिनीत मिळवला जातो आणि दुसरीतून वजा केला जातो. परिणामी डावीकडे ज्या वारंवारता उठावदार होतात त्या उजवीकडे दबतात. दोन्ही वाहिन्यांची बेरीज केली की भर आणि वजावट परस्परांना रद्द करतात व मूळ ध्वनी परत मिळतो. लाउरिड्सेन यांची पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती. पॉलिव्हर्स कंपनीचे 'वायडर' हे मोफत प्लगइन मोनो-सुसंगत आभासी स्टिरिओ देते. या पद्धतीत रुंदी सुरक्षित असते, पण ती मोनोत पूर्णपणे नाहीशी होते.

### सूक्ष्म स्वरभेद पद्धत

ध्वनीची एक प्रत काही सेंट वर आणि दुसरी तितकीच खाली सरकवून त्या दोन बाजूंना ठेवल्या जातात. एका श्रुतिपेक्षाही लहान असलेल्या या फरकाने आवाज भरदार होतो. साउंडटॉइज कंपनीचे 'मायक्रोशिफ्ट' याच प्रकारचे आहे. मोनोमध्ये आवाज नाहीसा होत नाही, मात्र त्यात हलकी लहर जाणवते. स्वराच्या अचूकतेला महत्त्व असलेल्या गायनात व तानपुऱ्यावर ही लहर खटकू शकते.

### तुलना

| पद्धत | मोनो ध्वनीवर उपयोगी | मोनोमधील परिणाम |
|---|---|---|
| मध्य-पार्श्व | नाही | नवा दोष नाही; समतोल बदलतो |
| विलंब | होय | वारंवारतांत खाचा पडतात |
| पूरक गाळणी | होय | मूळ ध्वनी परततो. रुंदी जाते |
| सूक्ष्म स्वरभेद | होय | हलकी लहर येते |

## मोनो सुसंगतता

स्टिरिओ मिश्रण मोनोमध्ये ऐकले जाण्याचे प्रसंग अनेक आहेत. एकच स्पीकर असलेले मोबाइल संच आणि लहान ब्लूटूथ स्पीकर दोन्ही वाहिन्या एकत्र करतात. एफएम स्टिरिओ प्रसारणात बेरजेचा संकेत मुख्य स्थानी असतो आणि वजाबाकीचा संकेत ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर जातो. ग्रहण क्षीण झाल्यास अनेक रेडिओ संच खरखर टाळण्यासाठी हा दुसरा भाग कमी करून मोनोकडे झुकतात. स्टिरिओ तबकडीवर पार्श्व घटक सुईच्या उभ्या हालचालीत बदलतो. खालच्या स्वरांत तो फार असल्यास सुई उडू शकते.

या कारणांमुळे सुमारे १०० ते १५० हर्ट्झखालील ध्वनी मध्यभागी ठेवण्याचा प्रघात आहे. ब्रेनवर्क्स कंपनीच्या 'बीएक्स डिजिटल' मधील 'मोनो मेकर' ही सोय ठरावीक वारंवारतेखालचा भाग मोनो करते. आयझोटोपच्या 'ओझोन' संचातील इमेजर वारंवारतेचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्याची रुंदी स्वतंत्रपणे ठरवू देतो.

मोजमापासाठी सहसंबंध मापक वापरला जातो. त्याचे मूल्य अधिक १ असल्यास दोन्ही वाहिन्या एकसारख्या, शून्याच्या आसपास असल्यास परस्परांशी असंबद्ध आणि उणे १ असल्यास पूर्णपणे विरुद्ध कलेत असतात. काटा क्षणभर शून्याखाली गेल्यास चिंतेचे कारण नसते. तो तेथेच राहिल्यास मोनोमध्ये मोठा भाग गळण्याची शक्यता असते.

## ऐकण्याच्या जागेचा प्रभाव: अक्कलकोट रोड एमआयडीसी

समभुज त्रिकोणातील आदर्श श्रवणस्थान स्टुडिओबाहेर क्वचितच लाभते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यालगतची अक्कलकोट रोड एमआयडीसी ही यंत्रमाग, टेरी टॉवेल व चादरी यांच्या उत्पादनासाठी ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणच्या श्रवणस्थितीवरून स्टिरिओ रुंदीच्या मर्यादा स्पष्ट होतात.

यंत्रमागाचा खडखडाट अनेक वारंवारतांवर एकाच वेळी पसरलेला असतो. त्याखाली गाण्यातील मंद भाग झाकले जातात. प्रतिध्वनीची शेपटी, कोरसची कडेची छटा आणि विस्तारकाने निर्माण केलेली हवा हे घटक प्रथम लोपतात. कारखान्यांतील उद्घोषणेसाठी वापरली जाणारी १०० व्होल्ट लाइनवरील हॉर्नची व्यवस्था सहसा मोनोच असते. मागावर उभा असलेला कामगार खिशातील मोबाइलवर गाणे ऐकत असेल, तर त्याच्यापर्यंतही प्रायः दोन्ही वाहिन्यांची बेरीजच पोहोचते. गाण्यातील मुख्य सुरावट विलंब पद्धतीने रुंद केलेली असल्यास अशा जागी ती पातळ होते किंवा हरवते, आणि स्टुडिओत सर्वांत भव्य वाटलेला भाग येथे सर्वांत दुबळा ठरतो.

गणेशोत्सवातील मिरवणुका व यात्रा येथेही हेच लागू पडते. गर्दीतील बहुतेक श्रोते दोन स्पीकर-संचांच्या मध्यरेषेवर नसून कोणत्या तरी एका बाजूला असतात. एखादे वाद्य केवळ एका वाहिनीत ठेवलेले असल्यास निम्म्या श्रोत्यांना ते जवळपास ऐकूच येत नाही. म्हणून ढोलकी, हलगी, संबळ आणि मुख्य गायन मध्यभागी ठेवून रुंदी पूरक घटकांपुरती मर्यादित ठेवणे हितावह मानले जाते.

## मराठी संगीतातील संदर्भ

पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेले ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' मोनो काळातील आहे. त्या काळातील भावगीतांत वाद्यांची खोली डाव्या-उजव्या मांडणीतून निर्माण होत नसे; गायक व वादक मायक्रोफोनपासून किती अंतरावर बसतात यावरून ती ठरे. अशा मुद्रणांचे जतन करताना विस्तारक लावल्यास मूळ समतोल बिघडण्याचा धोका असतो.

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याशी संबंधित असलेले दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिस परिसरातील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे केले. मोठ्या दालनात अनेक वादक एकत्र वाजवतात तेव्हा त्यांची प्रत्यक्ष स्थाने व दालनाचा निनाद मायक्रोफोनांत टिपला जातो. ही रुंदी मुद्रणातच असते. ती विस्तारकाने नंतर निर्माण करावी लागत नाही. त्याच चित्रपटातील 'झिंगाट' मिरवणुकांत गाजले, म्हणजे वर वर्णिलेल्या खडतर श्रवणस्थितीतही ते तग धरून राहिले.

## निवडीचे निकष

- मूळ ध्वनी: स्टिरिओ ध्वनीसाठी मध्य-पार्श्व पद्धत पुरेशी असते. मोनो ध्वनीसाठी पूरक गाळणी किंवा सूक्ष्म स्वरभेद पद्धत लागते.
- ध्वनीचे स्वरूप: ढोलकी, हलगी, टाळ अशा आघाती वाद्यांवर विलंबामुळे थापेची धार बोथट होते. सिंथेसायझरचे दीर्घ स्वर, पार्श्वगायन व प्रतिध्वनी यांना रुंदी अधिक मानवते.
- समान पातळीवर तुलना: रुंद केलेला ध्वनी अनेकदा मोठाही होतो आणि मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. त्यामुळे प्लगइनच्या आधीची व नंतरची पातळी समान करूनच निर्णय घेतला जातो.
- मोनो परीक्षण: दोन्ही वाहिन्यांची बेरीज एकाच स्पीकरवर ऐकली जाते. या वेळी मुख्य सुरावट, शब्द व ताल शाबूत राहणे आवश्यक असते.
- हेडफोन व स्पीकर: हेडफोनमध्ये डावी वाहिनी उजव्या कानापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे रुंदी अतिरंजित भासते. स्पीकरवरील पडताळणी त्यामुळे आवश्यक ठरते.

## पर्याय

विस्तारक न वापरताही रुंदी मिळवता येते. तीच ओळ गायकाकडून किंवा वादकाकडून दोनदा गाऊन-वाजवून घेऊन दोन मुद्रणे डावी-उजवीकडे ठेवणे ही त्यांतील एक पद्धत होय. दोन्ही सादरीकरणांत वेळ, स्वर व उच्चार यांचे नैसर्गिक फरक असल्याने मोनोमध्ये ती परस्परांना रद्द करत नाहीत. भजनातील कोरस व टाळ यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे. याखेरीज, रुंदी ही सापेक्ष जाणीव आहे: कडव्यात वाद्ये मध्याकडे आकसून ठेवली, तर ध्रुवपद कोणत्याही प्रक्रियेविना विस्तीर्ण वाटते. विस्तारकाचा उपयोग प्रतिमा अरुंद करण्यासाठीही होतो तो याच कारणाने.

## हे सुद्धा पहा

- ध्वनिमुद्रण
- स्टिरिओफोनिक ध्वनी
- वारंवारता
- सैराट
- सोलापूर